हार्ड डिस्क रुसली तर...

मे महिन्यात झाशीचा पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो आणि छावणीच्या सदर बाजारात भर दुपारी सामसूम होते. समजा, अशाच एका दुपारी तेथील एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत मामा आणि भाचा काळजीत बसले आहेत. नेवाळकरांच्या काळापासून झाशीत मराठी घरे आहेत. त्यांतलेच हे एक घर, असे धरून चालू या. स्टुडिओत लग्नामुंजींचे फोटो आहेत, पलटणीच्या निरोप-समारंभांचे आहेत, बदली होऊन दूर गेलेल्या जवानांच्या कुटुंबांचेही आहेत. कधी तरी चार वर्षांनी एखाद्या आईचा फोन येतो, "मुलीच्या बारशाचे फोटो अजून आहेत का हो तुमच्याकडे?" हे सारे फोटो कोपऱ्यातील एका जुन्या संगणकावर साठवलेले आहेत. तो दिवसरात्र चालू असतो आणि दुकानातील बाकीच्या संगणकांना हवी ती फाइल काढून देतो. अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात. त्यावर लिनक्स ही प्रणाली आहे. ती फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही मुकाट्याने वर्षानुवर्षे चालते, म्हणून मामांनी ती निवडली.

आतल्या डिस्क भरत आल्या, म्हणून मामांनी चार टेराबाइटची नवी हार्ड डिस्क मागवली. सर्व्हर उघडायला नको, म्हणून भाच्याने ती कपाटातल्या जुन्या यूएसबी डॉकमध्ये खोचली आणि पडद्यावर पाहिले, तर डिस्क दिसते १.८ टेराबाइटची!

"मामा, फसवलं आपल्याला. चारच्या पैशांत दोनचीही दिली नाही. उद्याच परत पाठवू या."

अशा वेळी बहुतेक जण हेच म्हणतात. आणि बहुतेक वेळा ते चूक असते. नवी डिस्क आणि जुने यंत्र यांचे पटत नाही, तेव्हा दोष डिस्कचाच असतो असे नाही. डिस्क, तिची तार, तिला सांभाळणारी चिप आणि प्रणाली या चौघांना एकमेकांची भाषा कळावी लागते. त्यातला एक जरी जुन्या बोलीत अडकला, तरी संसार मोडतो. म्हणून डिस्क बदलण्याआधी कोण कोणाशी बोलत नाही, ते शोधायला हवे. हे शोधणे वाटते तितके अवघड नाही.

जन्मापासूनचे दुखणे

लिनक्स आणि हार्ड डिस्क यांचा हा रुसवाफुगवा लिनक्सच्या जन्माइतकाच जुना आहे. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक नवी प्रणाली लिहीत असल्याचे जगाला कळवले. त्याच पत्रात त्याने प्रांजळपणे असेही लिहिले होते की, ही प्रणाली एटी पद्धतीच्या हार्ड डिस्कखेरीज दुसऱ्या कशावर बहुधा कधीच चालणार नाही, कारण आपल्याकडे तेवढीच आहे!

त्याचे भाकीत साफ खोटे ठरले. पुढे ज्याच्याकडे जे यंत्र होते, त्याने त्यासाठी लिनक्सला शिकवले. कंपन्यांचे अभियंतेही त्यात आले. आज जगातील प्रचंड मोठे सर्व्हर लिनक्सवर चालतात. लिनक्सच्या गाभ्याला 'कर्नेल' म्हणतात. छावणीतील कर्नलसाहेबांशी त्याचे नाते नाही, पण संगणकात हुकूम मात्र त्याचाच चालतो. आणि या कर्नेलची एक चांगली सवय आहे. डिस्क जोडल्यापासून जे जे घडते, त्याची तो रोजनिशी लिहितो. 'डीमेसेज' ही आज्ञा दिली की ती रोजनिशी वाचता येते. डिस्क रुसली की पहिले काम हेच. डिस्कचे नाव, आकार, जोडणीचा वेग, आलेल्या चुका, सारे त्यात मिळते.

दुखणे कोणतेही असो, ते साधारण तीन प्रकारांत बसते. डिस्क दिसतच नाही. दिसते पण आकार चुकीचा. किंवा दिसते, चालते आणि मध्येच गळून पडते.

डिस्क दिसतच नाही

प्रथम हात लावून पाहावे. डिस्क फिरत असल्याची हलकी थरथर जाणवते का? जाणवत नसेल, तर वीज पोहोचत नाही. तार बदलून पाहावी, दुसऱ्या जागी खोचून पाहावी. बाहेरच्या डब्यातून काढलेल्या काही मोठ्या नव्या डिस्कची एक गंमत असते. साटा जोडणीच्या विजेच्या तिसऱ्या पिनेचा अर्थ २०१६ च्या सुमारास बदलला. जुने पॉवर सप्लाय त्या पिनेवर ३.३ व्होल्ट देतात, आणि अशी नवी डिस्क त्याचा अर्थ 'बंद राहा' असा घेते. डिस्क धडधाकट असते, केवळ आज्ञाधारकपणे झोपून राहते! ज्या पॉवर सप्लायमधून हे ३.३ व्होल्ट येत नाहीत, त्यावर ती लगेच जागी होते. त्यासाठी मिळणारे स्वस्त जोड मात्र जपून घ्यावेत. हलक्या बनावटीचे जोड तापून वितळल्याची उदाहरणे आहेत.

दुसरी गोष्ट जुन्या बाजारातील डिस्कची. दिल्लीचे नेहरू प्लेस किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड येथे मोठ्या सर्व्हरमधून काढलेल्या डिस्क स्वस्तात मिळतात. त्यांतल्या अनेक 'सॅस' जातीच्या असतात. सॅसच्या कार्डाला साटा डिस्क चालते, पण साटाच्या जागी सॅस डिस्क चालत नाही. मोठ्या भांड्यात लहान भांडे बसते, लहानात मोठे नाही, तसेच हे. शिवाय त्यांतल्या काहींचा एकेक कप्पा ५१२ ऐवजी ५२० बाइटचा बांधलेला असतो. लिनक्स अशी डिस्क पाहते, पण वापरायला नकार देते आणि रोजनिशीत तसे स्पष्ट लिहिते. ती पुन्हा ५१२ च्या कप्प्यांची करता येते. मात्र त्यात तिच्यावरचे सारे पुसले जाते.

कधी कधी डिस्कच्या आतील छोट्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे फर्मवेअरमध्ये, खोट असते. जानेवारी २००९ मध्ये सीगेट कंपनीच्या बॅराकुडा ७२००.११ या मालिकेतील डिस्क संगणक सुरू करताना अचानक दिसेनाशा होऊ लागल्या. आतील माहिती जशीच्या तशी होती, पण दाराला आतून कडी लागली होती. कंपनीने फर्मवेअर सुधारून दिले. त्या काळात ज्यांनी घाईने डिस्क फेकून दिली असेल, त्यांनी सुखरूप माहितीही फेकून दिली.

दिसते, पण अपुरी

आता मामा-भाच्यांकडे येऊ. चारऐवजी १.८ हा आकडा सहज आलेला नाही. डिस्कवरील प्रत्येक कप्प्याला घरासारखा क्रमांक असतो. जुनी यंत्रणा हा क्रमांक ३२ खुणांमध्ये लिहिते. तेवढ्यात सुमारे ४२९ कोटी कप्पे मोजता येतात. कप्पा ५१२ बाइटचा धरला, तर गुणाकार येतो २.२ टेराबाइट. त्यापुढे मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, गाडीच्या मीटरसारखी. चारातून २.२ वजा केले की उरतात १.८. म्हणजे डिस्क पूर्ण चार टेराबाइटचीच होती. मोजता येत नव्हते ते जुन्या यूएसबी डॉकला. भाच्याने डॉक बाजूला ठेवून डिस्क सर्व्हरच्या आत थेट जोडली, तर ती चारची चार दिसणार. कागद-पेन्सिलीचे गणित कधी कधी महागड्या दुरुस्तीपेक्षा उपयोगी पडते.

अशा भिंती पूर्वीही अनेकदा आल्या. १९९० च्या दशकात प्रथम ५२८ मेगाबाइटची, मग ८.४ गिगाबाइटची, पुढे १३७ गिगाबाइटची. प्रत्येक वेळी कोणा अभियंत्याला वाटले होते की, याहून मोठी डिस्क कोण वापरणार? आणि प्रत्येक वेळी काही वर्षांतच लोक त्या भिंतीला धडकले. २.२ टेराबाइटची भिंत ओलांडण्यासाठी डिस्कवरील विभागांची नोंद 'जीपीटी' या नव्या पद्धतीने करावी लागते. जुन्या 'एमबीआर' पद्धतीने ती पुरत नाही. सर्व्हर फार जुना असेल, तर प्रणाली लहान जुन्या डिस्कवरच राहू द्यावी आणि मोठी डिस्क केवळ साठवणीसाठी ठेवावी, हा सोपा मार्ग.

येथे एक धोका लक्षात ठेवायलाच हवा. आकार चुकीचा दिसत असताना डिस्कवर काहीही लिहू नये. ज्या यंत्रणेची मोजणी शून्यावर परत येते, ती शेवटी लिहायचे ते सुरुवातीवर लिहू शकते आणि आधीची माहिती झाकली जाते.

आणखी एक सापळा आहे. काही यूएसबी डबे डिस्कचे कप्पे ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे असल्याचे प्रणालीला भासवतात. अशा डब्यात भरलेली डिस्क बाहेर काढून थेट सर्व्हरला जोडली, की ती कोरी दिसते. घाबरून जाऊन फॉरमॅट केले, तर संपलेच! पुन्हा त्याच डब्यात बसवली, की माहिती जशीच्या तशी दिसते. आधी ती दुसरीकडे उतरवून घ्यावी, मगच डिस्कचे स्थलांतर करावे.

चालता चालता गळते

तिसरा प्रकार सर्वांत त्रासदायक. सर्व्हरमध्ये बहुधा दोन डिस्क जोडीने ठेवतात. एकीवर लिहिलेले दुसरीवरही लिहिले जाते, म्हणजे एक गेली तरी दुसरी असते. नवी डिस्क या जोडीत घातली, दोन दिवस चालली आणि तिसऱ्या दिवशी सर्व्हरने तिला जोडीतून बाहेर काढले. दुसऱ्या संगणकावर तपासावी, तर डिस्क ठणठणीत!

याचे एक कारण म्हणजे स्वभाव. घरगुती वापराच्या डिस्कला एखादा कप्पा वाचता आला नाही, तर ती चिकाटीने पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, कधी मिनिटाहून अधिक काळ. लिनक्स मात्र साधारणपणे ३० सेकंद वाट पाहते आणि ही उत्तर देत नाही असे समजून तिला झटकते. सर्व्हरसाठी बनवलेल्या डिस्क सुमारे सात सेकंदांत "नाही जमत" असे कबूल करतात. मग जोडीतली दुसरी डिस्क तो मजकूर पुरवते. काही डिस्कना 'स्मार्टसीटीएल' या आज्ञेने असे सात सेकंदांचे बंधन घालता येते. ज्यांना येत नाही, त्यांच्यासाठी लिनक्सलाच १८० सेकंद थांबायला सांगतात. वीज गेल्यावर हे बंधन बहुतेक डिस्क विसरतात, म्हणून सर्व्हर सुरू होताना ते आपोआप घातले जाईल अशी सोय करावी.

दुसरे कारण डिस्कच्या बांधणीचे. कौलारू छपरावर एका कौलाची कड दुसऱ्यावर येते. तसे लेखनाचे पट्टे एकमेकांवर अंशतः चढवून कमी जागेत अधिक माहिती बसवतात. या पद्धतीला 'एसएमआर' म्हणतात. अडचण अशी की, मधले एक कौल बदलायचे तर वरची कौले उचलावी लागतात. फोटो एकदा टाकून ठेवायला ही डिस्क चालते, पण जोडीत नव्याने सारी माहिती भरण्याचे काम आले की ती धापा टाकते आणि सर्व्हरचा धीर सुटतो. २०२० मध्ये याच गोष्टीवरून मोठा गहजब झाला. वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या, साठवण-सर्व्हरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या 'डब्ल्यूडी रेड' मालिकेतील दोन ते सहा टेराबाइटच्या काही डिस्क या पद्धतीच्या असल्याचे ग्राहकांना उशिरा कळले. टीकेनंतर त्या वर्षी एप्रिलमध्ये कंपनीने कोणती डिस्क कोणत्या पद्धतीची, याची यादी दिली आणि पुढे साध्या पद्धतीच्या डिस्कना 'रेड प्लस' असे वेगळे नाव दिले. तेव्हा जोडीसाठी डिस्क घेताना 'सीएमआर' पद्धतीचीच मागावी आणि बिलावर पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा. नुसत्या नावावर जाऊ नये.

तिसरे कारण अगदी साधे, म्हणजे खराब तार. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला 'स्मार्ट' नोंद म्हणतात. तीही स्मार्टसीटीएलने वाचता येते. त्यात १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल, तर संशय तारेवर घ्यावा. शे-दोनशे रुपयांत काम होते. ५ किंवा १९७ क्रमांकाचा आकडा वाढत असेल, तर मात्र डिस्कच थकली आहे. तिच्यावरील माहिती आजच उतरवून घ्यावी. १९४ क्रमांक बहुधा तापमानाचा असतो. बहुतेक डिस्कना ६० अंशांपर्यंतची मुभा असते. झाशीच्या उन्हाळ्यात बंद खोलीतच पंचेचाळीस अंश असतील, तर आतल्या डिस्कला उरणारे अंतर फार थोडे. पंख्यातील धूळ झाडणे हीसुद्धा संगणकाची दुरुस्तीच आहे.

दोष कोणाचा?

आरोप करण्यात घाई किती महागात पडते, याचे एक उदाहरण २०१५ मधले आहे. अल्गोलिया या माहिती-शोध सेवा देणाऱ्या कंपनीच्या लिनक्स सर्व्हरवरील फायलींमध्ये मध्येच शून्ये भरलेली आढळू लागली. ज्या सर्व्हरवर हे होत होते, तेथे सॅमसंगच्या एसएसडी, म्हणजे चक्ती नसलेल्या डिस्क होत्या. संशय साहजिकच त्यांच्यावर गेला आणि तो जाहीरही झाला. सॅमसंगच्या अभियंत्यांनी मुळाशी जाऊन शोध घेतला, तेव्हा दोष लिनक्सच्या कर्नेलमध्येच सापडला. अनेक डिस्क एकत्र चालवताना रिकामे कप्पे पुसण्याची आज्ञा चुकीच्या जागी जात होती! अभियंत्यांनी दुरुस्तीही लिहून दिली. तिथे निष्णात लोकांची अशी फसगत झाली, तर घरच्या सर्व्हरपुढे बसलेल्या भाच्याने जरा दमाने घ्यावे यात नवल ते काय!

म्हणून तपासाचा क्रम ठरलेला असावा. आधी जी डिस्क चालते आहे, तिच्यावरील माहितीची प्रत काढावी. मग रोजनिशी आणि स्मार्ट नोंद वाचावी. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी: तार, मग जागा, मग डॉक किंवा कार्ड, शेवटी डिस्क. एकदम चार गोष्टी बदलल्या तर दुखणे जाईल, पण ते कशाने गेले हे कळणार नाही आणि ते परत येईल. नव्या डिस्कची पूर्ण तपासणी स्मार्टसीटीएलने करून घ्यावी. मोठ्या डिस्कला त्यासाठी कित्येक तास लागतात, तेवढे द्यावेत.

एकुलती एक प्रत

या क्रमात प्रत पहिली का, याचे उत्तर झाशीच्या इतिहासातच आहे. झाशीच्या राजवाड्यात ग्रंथांचा मोठा संग्रह होता. १८५८ मध्ये इंग्रज फौजेने शहर घेतले, तेव्हा तो उद्ध्वस्त झाला. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी झाशीत होते. त्यांनी 'माझा प्रवास'मध्ये हा विध्वंस नोंदवला आहे. ज्या पोथ्यांच्या नकला अन्यत्र होत्या, त्या टिकल्या. ज्यांची नक्कल कोठेच नव्हती, त्या कायमच्या गेल्या. साधन पोथीचे असो की डिस्कचे, नियम तोच.

आज तर घराची कागदपत्रेही पडद्यामागे गेली आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये देशातील छावणी मंडळांसाठी 'ई-छावणी' ही सेवा सुरू झाली आणि पाण्याच्या जोडणीपासून परवान्यांपर्यंतचे अर्ज संगणकावरून करता येऊ लागले. सरकारी सर्व्हरची काळजी सरकार घेईल. घरातील बारशाचे फोटो, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, आजोबांच्या आवाजाची ध्वनिफीत यांची काळजी घरच्यांनाच घ्यावी लागते. अनेकांना वाटते की, जोडीच्या डिस्क आहेत, आता चिंता नाही. परंतु जोडी ही प्रत नव्हे. चुकून एका डिस्कवरचे पुसले, तर दुसरीवरचेही त्याच क्षणी पुसले जाते. वीज कोसळली तर दोन्ही एकदम जातात.

यावर पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम घरोघरी पाळण्याजोगा आहे. प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यातली एक घराबाहेर असावी. घराबाहेर म्हणजे ग्वाल्हेरच्या मावशीच्या कपाटातली डिस्कसुद्धा चालेल. वर्षातून दोनदा ती आणून, जोडून, चार फायली उघडून पाहाव्यात. उघडून न पाहिलेली प्रत असून नसल्यासारखीच.

शेवटी एक बिनखर्चाचा उपाय. सर्व्हरशेजारी एक वही ठेवावी. कोणती डिस्क केव्हा घेतली, तिचा मॉडेल क्रमांक काय, कोणत्या जागी जोडली, १९९ आणि १९७ चे आकडे या महिन्यात किती, हे महिन्यातून एकदा लिहावे. पुढच्या वेळी डिस्क रुसली, तर तिच्या रुसव्याचे कारण बहुतेक त्या वहीतच सापडेल.